बीजीपी कंडिशनल ॲडव्हर्टाइजमेंट चालत नसेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीजीपी म्हणजे इंटरनेटवरची जाळी एकमेकांना मार्ग सांगतात ती पद्धत, आणि कंडिशनल ॲडव्हर्टाइजमेंट म्हणजे ठरवलेली अट पूर्ण झाली तरच मार्ग जाहीर करणं. खालच्या सगळ्या उत्तरांत एकच मांडणी धरली आहे. आपला एएस (स्वतंत्रपणे चालवलं जाणारं जाळं) ६४४९६ आणि आपला प्रीफिक्स (आयपी पत्त्यांचा गट) १९२.०.२.०/२४. आर१ हा राउटर मुख्य प्रोव्हायडरला, म्हणजे एएस ६४५०० ला जोडलेला आहे. आर२ बॅकअप प्रोव्हायडरला, म्हणजे एएस ६४५१० ला. आर१ आणि आर२ यांच्यात आयबीजीपी (एकाच एएसच्या आतलं बीजीपी) आहे, प्रोव्हायडरांशी आहे ते ईबीजीपी. मुख्य प्रोव्हायडरकडून १९८.५१.१००.०/२४ हा प्रीफिक्स येतो. आर२ त्याच्यावर नजर ठेवतो आणि तो टेबलातून (राउटरला माहीत असलेल्या मार्गांच्या यादीतून) गेला की आपला प्रीफिक्स बॅकअपकडे जाहीर करतो. हे पत्ते आणि एएस क्रमांक केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत, तेव्हा ते जसेच्या तसे कॉन्फिगरेशनमध्ये टाकू नका.

कंडिशनल ॲडव्हर्टाइजमेंट नक्की काय करतं?

एका नेबरसाठी (बीजीपीने जोडलेल्या समोरच्या राउटरसाठी) दोन रूट-मॅप (मार्ग निवडण्याचे नियम) लावले जातात. ॲडव्हर्टाइज-मॅप सांगतो की कोणते प्रीफिक्स अटीवर जाहीर करायचे. दुसरा मॅप अट सांगतो: एग्झिस्ट-मॅप असेल तर "हा मार्ग टेबलात असेल तरच जाहीर कर", नॉन-एग्झिस्ट-मॅप असेल तर "हा मार्ग टेबलात नसेल तरच". ॲडव्हर्टाइज-मॅपमध्ये न बसणारे बाकीचे मार्ग नेहमीच्या नियमांनी जात राहतात, त्यांना ही अट लागत नाही.

बीजीपीची सध्याची पायाभूत व्याख्या देणाऱ्या आरएफसी ४२७१ मध्ये (२००६) ही सोय नाही; आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकित दस्तऐवज. हा राउटरचा स्थानिक निर्णय असतो. समोरच्या नेबरला फक्त अपडेट आलेलं किंवा मागे घेतलेलं दिसतं, त्यामागे अट होती हे त्याला कळत नाही. म्हणून शोध आपल्याच राउटरवर सुरू करावा लागतो.

आणि एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. राउटर लिंक चालू आहे की बंद हे इथे तपासत नाही. तो फक्त टेबल बघतो. लिंक मेली पण मार्ग टेबलात राहिला, तर त्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही.

मुख्य लिंक पडली, तरी बॅकअपकडे काहीच जात नाही. सुरुवात कुठून करू?

आर२ वर "शो आयपी बीजीपी नेबर्स" चालवा आणि बॅकअप नेबरच्या माहितीत कंडिशन-मॅप, ॲडव्हर्टाइज-मॅप आणि स्टेटस असलेली ओळ शोधा. सिस्कोच्या आयओएस या राउटर प्रणालीत आणि एफआरआर या मुक्त-स्रोत राउटिंग सॉफ्टवेअरमध्ये ही ओळ असते, आणि स्टेटसच्या पुढे "विथड्रॉ" किंवा "ॲडव्हर्टाइज" लिहिलेलं असतं. या एका शब्दाने शोध निम्म्यावर येतो.

स्टेटस "विथड्रॉ" असेल तर राउटरच्या मते अट पूर्ण झालेली नाही, म्हणजे नजरेखालचा प्रीफिक्स अजून टेबलात आहे. मग आर२ वर त्याच प्रीफिक्ससाठी "शो आयपी बीजीपी" बघा: किती मार्ग आहेत, कोणाकडून आले आहेत, एएस-पाथ (मार्ग ज्या एएसमधून आला त्यांची यादी) काय आहे. उत्तर बहुतेक वेळा तिथेच उघडं पडलेलं असतं.

स्टेटस "ॲडव्हर्टाइज" असेल तर अट बरोबर चालली आहे आणि अडचण पुढे आहे. एक तर १९२.०.२.०/२४ आर२ च्या बीजीपी टेबलात नाही, किंवा बाहेर जाणारा फिल्टर तो अडवतो आहे, किंवा प्रोव्हायडरच तो घेत नाही.

ती ओळच दिसत नसेल, तर मॅप चुकीच्या ॲड्रेस-फॅमिलीत (आयपीव्ही४ की आयपीव्ही६) किंवा चुकीच्या व्हीआरएफमध्ये (त्याच राउटरवरच्या वेगळ्या राउटिंग टेबलात) लावले गेले आहेत का ते बघा. एफआरआरमध्ये आणखी एक बारीक खूण आहे. मॅपच्या नावाआधी तारांकन दिसलं तर त्या नावाचा रूट-मॅप खरोखर सापडला आहे. तारांकन नसेल तर नावाचं स्पेलिंग चुकलंय किंवा रूट-मॅप बनवलेलाच नाही. रूट-मॅपच्या आत नाव दिलेली प्रीफिक्स-लिस्टही अस्तित्वात आहे ना, ते त्याच वेळी तपासा. नसलेली लिस्ट काही प्रणालींत "सगळं जुळतं" असं मानली जाते आणि काहींत "काहीच जुळत नाही" असं.

मुख्य लिंक बंद आहे, मग तो प्रीफिक्स टेबलात कसा काय राहतो?

सगळ्यात जास्त आढळणारं कारण: तोच प्रीफिक्स बॅकअप प्रोव्हायडरही पाठवतो. इंटरनेटवरचा कुठलाही सार्वजनिक प्रीफिक्स पूर्ण टेबल देणाऱ्या दोन्ही प्रोव्हायडरांकडून येणारच. मुख्य लिंक गेली की आर१ कडून आलेला मार्ग जातो, पण ६४५१० कडून आलेला राहतो. अट म्हणते "मार्ग आहे", आणि आपला प्रीफिक्स कुठेच जाहीर होत नाही. ज्या घडीसाठी ही सगळी सोय केली, नेमकी तेव्हाच ती हलत नाही.

उपाय असा की अटीत प्रीफिक्सबरोबर मार्गाची ओळखही मागायची. नॉन-एग्झिस्ट-मॅपमध्ये प्रीफिक्स-लिस्टसोबत एएस-पाथची अट घाला, की पाथ ६४५०० ने सुरू झाला पाहिजे. आयबीजीपीत एएस-पाथ वाढत नाही, त्यामुळे आर१ कडून आलेला मार्ग आर२ वरही ६४५०० नेच सुरू होतो आणि बॅकअपकडचा ६४५१० ने. दुसरा रस्ता म्हणजे आर१ ने मुख्य प्रोव्हायडरच्या मार्गांवर आत येतानाच एक कम्युनिटी (मार्गाला जोडलेली खूण) लावायची आणि आर२ ने अटीत ती जुळवायची. एएस-पाथपेक्षा मला ही पद्धत जास्त आवडते. उद्या प्रोव्हायडर बदलला तर आर१ वरची एकच जागा बदलावी लागते. मात्र आर१ कडून आर२ कडे कम्युनिटी पाठवणं चालू आहे ना ते बघा. आयओएसमध्ये ते आपोआप होत नाही, सेंड-कम्युनिटी लावावं लागतं.

दुसरं कारण: नजरेखालचा प्रीफिक्स आपणच कुठेतरी निर्माण करतो. एखादा स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला मार्ग) बीजीपीत रीडिस्ट्रिब्यूट होतो, किंवा ॲग्रिगेट (लहान प्रीफिक्स गुंडाळून केलेला मोठा प्रीफिक्स) बनतो. असा मार्ग प्रोव्हायडरच्या जाण्यायेण्याने हलत नाही.

तिसरं कारण ग्रेसफुल रीस्टार्ट, आणि ते जरा लपलेलं असतं म्हणून सविस्तर सांगते. आरएफसी ४७२४ प्रमाणे (२००७) नेबरचं सेशन तुटलं तरी मदतनीस राउटर त्याचे मार्ग लगेच काढत नाही. "शिळे" अशी खूण करून काही वेळ ठेवतो, कारण नेबर फक्त रीस्टार्ट होत असेल अशी त्याला आशा असते. आयओएस आणि एफआरआरमध्ये रीस्टार्टचा ठरलेला वेळ १२० सेकंद आहे. म्हणजे आर१ वर सेशन पडलेलं दिसतं, ऑपरेटर घाईत असतो, आणि दोन मिनिटं आर२ च्या टेबलात काहीही बदलत नाही. मूळ नियमात होल्ड टाइमर (नेबरकडून काहीच न आल्यास वाट बघण्याची मुदत) संपून सेशन पडलं तर ही सवलत मिळत नव्हती. आरएफसी ८५३८ ने (२०१९) दोन्ही बाजू तयार असतील तर तिथेही ती दिली. त्यापुढचा लाँग-लिव्हड ग्रेसफुल रीस्टार्ट, म्हणजे आरएफसी ९४९४ (२०२३), शिळे मार्ग कितीतरी जास्त वेळ राखू शकतो. ज्या सेशनवर तुमची अट अवलंबून आहे, तिथे या सोयी चालू आहेत का ते आर१ वर बघा, आणि चालू असतील तर हवेत का ते ठरवा. बॅकअप चटकन उभा राहायला हवा असेल, तर माझं मत त्या सेशनवर त्या बंद ठेवण्याकडे झुकतं.

मग नजर ठेवायला प्रीफिक्स कोणता निवडू?

संपूर्ण कॉन्फिगरेशनमध्ये विचार करण्यासारखा प्रश्न हाच आहे, आणि नेमका तोच घाईत उरकला जातो.

डिफॉल्ट रूट (दुसरा मार्ग न जुळणाऱ्या सगळ्या पत्त्यांसाठीचा मार्ग) नको. तो दोन्हीकडून येतो, आणि बरेच प्रोव्हायडर स्वतःचं वरचं जाळं तुटलं असतानाही तो देत राहतात.

प्रोव्हायडरचा स्वतःचा प्रीफिक्स घेतला तर अट सरळ आणि स्थिर असते, पण ती एवढंच सांगते की तुमचं प्रोव्हायडरशी सेशन चालू आहे. प्रोव्हायडर बाहेरच्या जगापासून तुटला तर त्याचा स्वतःचा प्रीफिक्स टेबलात सुखाने बसलेला असतो आणि तुमची सेवा मात्र बंद.

दूरचा, तिसऱ्याच कुणाचा प्रीफिक्स घेतला तर ती आंधळी जागा भरून निघते. पण आता त्यांच्याकडचं देखभालीचं काम तुमचा बॅकअप चालू-बंद करणार. काहीजण रूट डीएनएस सर्व्हरांचे प्रीफिक्स घेतात कारण ते क्वचितच हलतात. तिथेही जपून. ते एनीकास्ट असतात, म्हणजे एकच पत्ता अनेक ठिकाणच्या प्रतींकडून जाहीर होतो, आणि एखादी प्रत प्रोव्हायडरच्याच जाळ्यात किंवा अगदी शेजारी असेल तर वरची वाट तुटूनही मार्ग टिकून राहील.

मी दोन-तीन प्रीफिक्स एकत्र घ्यायला सांगेन: वेगवेगळ्या जाळ्यांतले, सगळे मुख्य प्रोव्हायडरमार्गे आलेले. एफआरआरमध्ये अट तपासताना नॉन-एग्झिस्ट-मॅपशी जुळणारा एक मार्ग सापडला तरी "आहे" असं धरलं जातं. म्हणजे सगळे गेले तरच बॅकअप जागा होतो, आणि एकाच्या देखभालीने तो हलत नाही. निवडलेल्या प्रीफिक्सबद्दल प्रोव्हायडरशी लेखी बोलून ठेवा. तो ॲग्रिगेट करणार असेल किंवा बदलणार असेल तर तुम्हाला आधी कळलं पाहिजे.

उलटं होतंय: मुख्य लिंक ठणठणीत आहे, तरी बॅकअपकडे जाहिरात चालूच आहे.

याचा अर्थ आर२ ला नजरेखालचा प्रीफिक्स दिसतच नाही, किंवा दिसतो पण जुळत नाही.

आधी लांबी बघा. अटीत अगदी /२४ लिहिलेला असतो आणि प्रोव्हायडरने तो /२३ मध्ये गुंडाळून पाठवायला सुरुवात केलेली असते. माणसाच्या डोळ्याला पत्ता तोच वाटतो, राउटरसाठी तो वेगळा मार्ग आहे.

मग आर१ वरचा आत येणारा फिल्टर बघा. मार्ग तिथे अडला तर तो टेबलात नाही. सॉफ्ट-रीकॉन्फिगरेशनमुळे (आलेले मार्ग फिल्टरआधीच्या रूपातही साठवण्याच्या सोयीमुळे) "रिसीव्ह्ड-ओन्ली" म्हणून दिसणारा मार्ग मोजला जात नाही, त्याच्यावर विसंबू नका.

हे दोन्ही ठीक असेल तर आर१ आणि आर२ मधला संवाद तपासा. इथे एक चकवा आहे. बीजीपी राउटर साधारणपणे आपला सर्वोत्तम मार्गच पुढे देतो. १९८.५१.१००.०/२४ साठी आर२ कडे बॅकअपमार्गे आलेला मार्ग असेल आणि एखाद्या धोरणामुळे आर१ ला तोच जास्त पसंत पडला, तर आर१ स्वतःचा ६४५०० वाला मार्ग आर२ ला सांगतच नाही. आर२ च्या टेबलात "६४५०० ने सुरू होणारा" मार्ग येत नाही आणि अट कायम पूर्ण होत राहते. आर१ वर मुख्य प्रोव्हायडरच्या मार्गांना जास्त लोकल-प्रेफरन्स (एएसच्या आतली पसंती) दिला की हा पेच सुटतो. त्याच बरोबर आर१ आयबीजीपीकडे नेक्स्ट-हॉप-सेल्फ (पुढचा थांबा, म्हणजे नेक्स्ट-हॉप, म्हणून स्वतःचाच पत्ता देणं) लावतो ना ते बघा. नाहीतर आर२ ला मार्ग मिळतो पण नेक्स्ट-हॉपपर्यंत पोहोचता येत नाही, आणि असा मार्ग निवडीत धरला जात नाही.

आर१ आणि आर२ मधलं आयबीजीपीच तुटलं तर?

तर आर२ ला मुख्य प्रोव्हायडर गेल्यासारखं वाटेल आणि तो जाहिरात सुरू करेल. आर२ रीबूट झाल्यावरही हेच थोडा वेळ घडू शकतं: बॅकअपचं सेशन आधी उभं राहतं, आयबीजीपी नंतर, आणि मधल्या काळात प्रीफिक्स "नाही". दोन राउटरांमध्ये दोन वेगळ्या वाटा ठेवा आणि आयबीजीपी लूपबॅकवर (कुठल्याही एका केबलशी न बांधलेल्या पत्त्यावर) बांधा. म्हणजे एक केबल गेल्याने अटीचा निकाल बदलत नाही.

अट चुकीची ठरली तर किती मोठं नुकसान होऊ शकतं?

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद होत्या. कंपनीने नंतर जाहीर केलेलं कारण या विषयाशी थेट जोडलेलं आहे. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने त्यांचं अंतर्गत बॅकबोन जाळं खाली आलं. त्यांच्या डीएनएस सर्व्हरांवर अशी व्यवस्था होती की डेटा सेंटरशी बोलता आलं नाही तर स्वतःची बीजीपी जाहिरात मागे घ्यायची. एखादं ठिकाण बिघडलं तर हे शहाणपणाचंच. पण बॅकबोन सगळ्यांचं एकच होतं, त्यामुळे अट सगळीकडे एकाच वेळी पूर्ण झाली आणि सगळ्यांनी एकदम मार्ग मागे घेतले. तुमची अट ज्या गोष्टीवर टेकली आहे, ती सगळ्या ठिकाणी एकदम जाऊ शकते का, हा प्रश्न एग्झिस्ट-मॅप लिहिण्याआधी विचारा.

बदल व्हायला एवढा वेळ का लागतो?

कारण थांबे एकापुढे एक येतात. इंटरफेसच खाली गेला तर थेट जोडलेलं ईबीजीपी सेशन लगेच पडतं. पण मधे स्विच असेल आणि इंटरफेस वर राहिला, तर होल्ड टाइमर संपेपर्यंत कळत नाही. आरएफसी ४२७१ मध्ये सुचवलेला वेळ ९० सेकंद आहे, आयओएसमध्ये ठरलेला १८०. त्यानंतर आर२ वर अट तपासली जाते ती बीजीपी स्कॅनरच्या फेरीत, आणि ती फेरी दर ६० सेकंदांनी होते. मग ईबीजीपी अपडेटमधलं किमान अंतर, आयओएसमध्ये ३० सेकंद. वाईटात वाईट धरलं तर १८० अधिक ६० अधिक ३०, म्हणजे २७० सेकंद, साडेचार मिनिटं. बाहेरच्या जगात पसरायला लागणारा वेळ त्यापुढे.

बीएफडी (लिंक जिवंत आहे का ते झटपट तपासणारी सोय) लावून, समजा ३०० मिलिसेकंदांचे तीन ठोके, पहिला थांबा एका सेकंदाच्या आत येतो. बाकीचं दीड मिनिट तसंच राहतं. बीएफडी लावूनही फरक पडला नाही ही तक्रार बहुधा यातूनच येते. एफआरआरमध्ये अट तपासण्याचा टाइमर ५ ते २४० सेकंदांत बदलता येतो आणि आयओएसमध्ये स्कॅन-टाइम ५ ते ६० सेकंदांत. पूर्ण टेबल घेणाऱ्या राउटरवर तो एकदम ५ वर आणू नका. दहा लाखांच्या घरातले मार्ग दर पाच सेकंदांनी चाळण्याचा भार सीपीयूवर पडतो. टप्प्याटप्प्याने कमी करा आणि सीपीयू बघत राहा.

स्टेटस "ॲडव्हर्टाइज" आहे, पण बाहेर कुणालाच प्रीफिक्स दिसत नाही.

"शो आयपी बीजीपी नेबर्स" ला त्या नेबरच्या पत्त्यासह "ॲडव्हर्टाइज्ड-रूट्स" जोडून चालवा. यादीत प्रीफिक्स नसेल तर अडचण आर२ वर आहे. ॲडव्हर्टाइज-मॅपमधून सुटलेल्या मार्गाला बाहेर जाणारा नेहमीचा रूट-मॅप किंवा प्रीफिक्स-लिस्टही पार करावी लागते. आरएफसी ८२१२ (२०१७) पाळणाऱ्या राउटरवर तर ईबीजीपी नेबरला बाहेरचं धोरणच लावलं नसेल तर काहीच जात नाही. आणि ॲडव्हर्टाइज-मॅप मार्ग तयार करत नाही, तो टेबलातून निवडतो. नेटवर्क ओळ लिहिली आहे पण राउटिंग टेबलात नेमका १९२.०.२.०/२४ नाही, तर बीजीपीत निवडायला काही नाही.

यादीत प्रीफिक्स असेल आणि जग बघत नसेल, तर प्रोव्हायडरचा फिल्टर. बॅकअप सेशन महिनोन्महिने रिकामं असतं, आणि तेवढ्यात तुम्ही नवा प्रीफिक्स घेतलेला असतो जो त्यांच्या यादीत कधी घातलाच नाही. बॅकअपवर जास्त बारीक तुकडे जाहीर करत असाल तर आरओए (कोणता एएस कोणता प्रीफिक्स जाहीर करू शकतो याची सही केलेली नोंद) बघा: आरओए /२३ चं असेल, मॅक्सलेंग्थ (किती बारीक तुकडा चालेल ती मर्यादा) नसेल आणि तुम्ही दोन /२४ पाठवलेत, तर आरपीकेआय (ज्या व्यवस्थेत या नोंदी असतात ती) तपासणारी जाळी ते "इनव्हॅलिड" ठरवून टाकतील. आयपीव्ही४ मध्ये /२४ पेक्षा बारीक प्रीफिक्स बहुतेक जाळी घेत नाहीत. खात्री करायला राउटव्ह्यूज, राइप रिस (दोन्ही जगभरातले बीजीपी मार्ग गोळा करणाऱ्या सेवा) किंवा एखादं लुकिंग ग्लास (दुसऱ्या जाळ्याच्या राउटरला दिसणारे मार्ग दाखवणारं पान) वापरा.

मुख्य लिंक परत आली, तरी काही ट्रॅफिक बॅकअपवरून येतंय.

थोडा वेळ हे स्वाभाविक आहे. मागे घेतलेला मार्ग जाळ्यांतून नाहीसा व्हायला नवा मार्ग पसरण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक राउटर आधी शिल्लक राहिलेल्या पर्यायी, लांबच्या मार्गांवर उडी मारून बघतो. बरंच थांबूनही येत राहिलं तर आर२ ने खरंच विथड्रॉ पाठवला का ते ॲडव्हर्टाइज्ड-रूट्समध्ये बघा. या मधल्या काळात येणं एका बाजूने आणि जाणं दुसऱ्या बाजूने होतं. वाटेत स्टेटफुल फायरवॉल (चालू कनेक्शन लक्षात ठेवणारी) असेल तर चालू कनेक्शन तुटतील, हे आधी लक्षात घ्या.

लिंक सारखी वर-खाली होतेय.

मग तुमचा प्रीफिक्सही बॅकअपवर वर-खाली होतोय आणि सगळं जग ते बघतंय. रूट फ्लॅप डॅम्पिंग (आरएफसी २४३९, १९९८) जुन्या कडक मर्यादांवर चालवणारी जाळी असा प्रीफिक्स काही काळ दाबून टाकतात. आरएफसी ७१९६ ने (२०१४) त्या मर्यादा सैल करायला सांगितलं, पण सगळ्यांनी ऐकलं असेल असं धरून चालू नका. लिंक स्थिर होईपर्यंत मुख्य सेशन हाताने बंद करून बॅकअपवर राहणं जास्त सभ्य आणि तुमच्या वापरकर्त्यांसाठीही बरं.

जुनिपरवर हे कसं शोधायचं?

तिथे ॲडव्हर्टाइज-मॅप नसतो. पॉलिसी-ऑप्शन्समध्ये कंडिशन लिहिली जाते, "इफ-रूट-एग्झिस्ट्स" सोबत प्रीफिक्स आणि टेबलाचं नाव, आणि एक्स्पोर्ट पॉलिसीत ती वापरली जाते. "नसेल तर" हवं असेल तर आधी कंडिशन खरी असताना रिजेक्ट करणारी टर्म आणि मग ॲक्सेप्ट करणारी, असा क्रम लावतात. टर्मचा क्रम उलटला की सगळंच उलटतं. "शो पॉलिसी कंडिशन्स डिटेल" ने स्थिती दिसते. मोठा फरक असा की इथे राउटिंग टेबल बघितलं जातं, त्यामुळे त्याच प्रीफिक्सचा स्टॅटिक रूटही अट पूर्ण करतो.

चाचणी कशी घ्यावी?

केबल काढून नाही. ठरलेल्या देखभालीच्या वेळेत आर१ वर आत येणाऱ्या फिल्टरमध्ये फक्त नजरेखालचे प्रीफिक्स अडवा आणि सॉफ्ट क्लिअर इन करा. मुख्य लिंक आणि तिच्यावरचं ट्रॅफिक चालू राहतं, आर२ ला मात्र अट पूर्ण झालेली दिसते. आर२ चं स्टेटस, ॲडव्हर्टाइज्ड-रूट्स आणि बाहेरचं लुकिंग ग्लास, या क्रमाने बघा. वेळ लिहून ठेवा. मग फिल्टर काढून परतीचा प्रवासही तितक्याच बारकाईने बघा.

ही चाचणी लिंक पडण्याची पूर्ण नक्कल करत नाही, ग्रेसफुल रीस्टार्ट आणि होल्ड टाइमर तिच्यात येत नाहीत. त्यासाठी एकदा तरी सेशन खरंच पाडावं लागतं. पण प्रोव्हायडरचा जुना झालेला फिल्टर पहिल्या चाचणीतच सापडतो. प्रत्येक नवा प्रीफिक्स घेतल्यावर ती पुन्हा घ्या.

मला याची खरंच गरज आहे का?

बॅकअपवर ट्रॅफिक कमी आलं तरी चालणार असेल तर नाही. प्रीफिक्स दोन्हीकडे कायम जाहीर करा, बॅकअपकडे एएस-पाथ प्रीपेंड लावा (आपला एएस पुन्हा पुन्हा जोडून पाथ लांब करा), किंवा प्रोव्हायडर देत असेल तर त्याच्याकडचा लोकल-प्रेफरन्स कमी करणारी कम्युनिटी वापरा. ही पद्धत आरएफसी १९९८ पासून, म्हणजे १९९६ सालापासून लिहून ठेवलेली आहे. असा बॅकअप कायम जगाला दिसतो, त्याचे फिल्टर रोज तपासले जातात, आणि साठ सेकंदांच्या स्कॅनरची वाट बघावी लागत नाही. बॅकअपवर एकही पॅकेट यायला नको अशी सक्ती असेल, लिंक वापरानुसार बिल होत असेल किंवा क्षमता फारच लहान असेल, तेव्हा कंडिशनल ॲडव्हर्टाइजमेंटला जागा आहे.

आयपीव्ही६ साठी वेगळं काही?

तर्क तोच. मात्र मॅप आयपीव्ही६ ॲड्रेस-फॅमिलीत वेगळे लावावे लागतात, प्रीफिक्स-लिस्टही आयपीव्ही६ ची लागते, आणि बाहेर /४८ पेक्षा बारीक प्रीफिक्स सहसा चालत नाही. आयपीव्ही४ ची चाचणी झाली म्हणून आयपीव्ही६ ची झाली असं समजू नका, तिचं स्टेटस वेगळं बघा.